एक्स-रेची फुलं

ऑक्टोबर हा काही आमच्याकडे पानं गळायचा महिना नाही, हे मुक्ताच्या शाळेला कुणीतरी एकदा सांगायला हवं. परवा मोबाईलवर निरोप आला. मुलांनी केशरी, तपकिरी, पिवळी अशी वाळलेली पानं गोळा करावीत आणि घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून हॅलोविनची सजावट करून आणावी. बारामतीत ऑक्टोबरात कुठली आलीय पानगळ? आमच्या कॉलनीतले कडुनिंब आणि करंज हिरवेगार उभे आहेत. उन्हानं माणसं वाळायला लागली आहेत, पानं नाहीत. शेवटी मी पोरीला घेऊन कोपऱ्यावरच्या बदामाखाली गेले आणि कशीबशी चार लालसर पानं मिळवली. त्यातलंही एक घरी येईपर्यंत चुरगळलं.

पण मुक्ताचा जीव पानांत नव्हताच. तिला सांगाडा करायचा होता. काळ्या कार्डशीटवर ती कान साफ करायच्या पांढऱ्या काड्या चिकटवत बसली. हात, पाय, मणका. खिडकीजवळच्या खुर्चीत आबा बसले होते. आबा म्हणजे माझे वडील. डोळ्यांत औषध घालायला कुणीतरी हवं म्हणून मी त्यांना कोऱ्हाळ्याहून इकडे आणलं आहे. काचबिंदूनं त्यांची नजर नेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. डोळे गेल्यापासून कान मात्र तिखट झाले आहेत.

“काय चिकटवतीय गं पोरगी?” त्यांनी विचारलं.

“भूत करतीय, आबा. शाळेत न्यायला,” मी आतून म्हणाले.

“दिवाळीच्या तोंडावर? आमी आवसंला लिंबू-नारळ टाकून भूत घराभाईर काढायचो. तुमी डिंक लावून घरात घ्याया लागला व्हय?”

मुक्ता खिदळली आणि तिनं तो अर्धवट सांगाडा वाळण्यासाठी खिडकीच्या काचेला टेकवून उभा केला. मी घारगे करायला घेतले होते. लाल भोपळा हॅलोविनचा असो नाहीतर कुणाचाही, आमच्याकडे तो किसून गुळात शिजवतात. पिठाचे हात तसेच घेऊन मी दारात आले आणि थांबले. काचेतून दुपारचं ऊन येत होतं. त्या उन्हापुढं काळा कागद, आणि काळ्यावर पांढऱ्या बरगड्या. मला वाटलं, हे मी पाहिलंय. आमच्या ओट्यावर टांगलेलं.

तो आश्विन मी पाचवीत होते तेव्हाचा. कोऱ्हाळ्यात आमचं घर कालव्याच्या अलीकडं. दसरा झाला की साखर कारखान्याचा बॉयलर पेटायचा आणि वारा आमच्या बाजूचा असला की मळीचा आंबूस, गोड वास घरात यायचा. नवीन माणसाला त्या वासानं मळमळायचं. आम्हाला मात्र तो आला की दिवाळी जवळ आल्यासारखं वाटे. चिमणीतून काजळी उडायची आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बारीक काळ्या पिसांसारखी येऊन बसायची. ती झटकायची नाही, फुंकायची. झटकली की डाग पडतो. आई फुंकायची आणि मग तिला खोकला यायचा.

आबा कारखान्यात फिटर. सीझन चालू झाला की त्यांच्या अंगाला वंगणाचा वास आणि घरात त्यांचं दर्शन दुर्मीळ. कुठल्याही पंपाला कान लावून त्याचं काय दुखतंय ते सांगणारा माणूस. गावात कुणाची मोटार अडली की सायकलवरून त्यांना न्यायला येत. बिघाड म्हणजे काय, तर तो कुठंतरी असतो आणि सापडला की जातो, अशी त्यांची साधी समजूत होती. आईच्या छातीतल्या बिघाडानं ती समजूत मोडली.

आई इंदापूरकडची. तिला कुठलीच वस्तू टाकवत नसे. लग्नपत्रिकांचे गणपती, काडेपेट्यांचे कप्पे, फुटक्या बांगड्या मेणबत्तीवर तापवून एकात एक अडकवलेली तोरणं, खताच्या पोत्याच्या दोऱ्यांच्या झुली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’चं प्रदर्शन भरलं की गुरुजी अर्ध्या वस्तू आमच्याच घरून नेत. शेजारच्या हिराकाकू म्हणायच्या, “सुमनच्या दारावरनं जाताना चपला हातात घ्याव्या बाई. न्हायतर त्याचंबी झुंबर करंल.” आई हसायची आणि खरंच काकूंच्या चपलेकडं बघायची.

उन्हाळ्यात आईचा खोकला सुरू झाला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला आणि सांगितलं की वरच्या बाजूला डाग आहे. गोळ्या लिहून दिल्या, दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली, अशक्तपणा आला की सलाईन. गौरी-गणपतीच्या सुमारास दुसरा एक्स-रे काढला. डाग होताच. गोळ्या चालू ठेवा म्हणाले.

आणि आई त्या गोळ्यांची चंदेरी पाकिटं जमवत होती. इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं जमवत होती. दवाखान्यातल्या एका नर्सबाईंकडून ती सलाईनच्या नळीचा मासा करायला शिकून आली. नळी मधोमध चिरायची, पट्ट्या एकमेकींत गुंफायच्या, शेपटीला तिरका काप द्यायचा आणि डोळ्याच्या जागी लाल मणी. नव्वदीच्या त्या वर्षांत असे मासे पुष्कळ घरांत दिसत, टीव्हीच्या कडेला नाहीतर मोटारसायकलच्या किल्लीला. पण आमच्या घरातल्या प्रत्येक माशामागं आईच्या दंडावरचा एक निळा डाग होता. मला ते दिसत होतं.

“औंदा मालाला तोटा न्हाय,” आई हिराकाकूंना म्हणायची. “अशी सजावट करते बघा, की दिवाळीनंच इचारावं हे कुणाचं घर.”

आता मला कधी कधी वाटतं, तिला भीती वाटत होती आणि तिचे हात ती भीती चिरून, गुंफून काहीतरी करत होते. पण हे मी आत्ता म्हणते आहे. तेव्हा ती नुसती खूश दिसायची. खोकला आला की हातातली कात्री बाजूला ठेवायची, खोकून घ्यायची आणि पुन्हा कात्री उचलायची.

आबांच्या हाताला मात्र काही काम नव्हतं. घरी आले की ते आईच्या उशाशी बसत, तिची पाठ चोळत, औषधाच्या बाटल्या सरळ रेषेत लावत. एक दिवस त्यांनी एक्स-रेच्या रिपोर्टचा कागद बारामतीला नेला आणि त्याला लॅमिनेशन करून आणलं. इंग्रजीतला टाईप केलेला चार ओळींचा कागद, खाली सही, शिक्का. तो त्यांनी रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत ठेवला. “ह्यो महत्त्वाचा हाय,” ते मला म्हणाले, “हात लावायचा न्हाय.”

आणि ज्या पाकिटातून तो कागद आला होता त्या पाकिटातल्या दोन मोठ्या काळ्या फिल्म? त्यांचं काम संपलं होतं. डॉक्टरांनी त्या बघितल्या, बघून जे काय ते कागदावर लिहून दिलं. बाटलीतलं औषध पिऊन झाल्यावर बाटली उरते, तशा त्या उरल्या होत्या. आमच्या घरात असाच विचार झाला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मोठं खाकी पाकीट आईनं फडताळात डब्यांखाली अंथरलं. फिल्म उजेडाकडं धरून ती बराच वेळ बघत राहिली.

“कंदिलाला झकास हुतील,” ती म्हणाली.

झकास झालेच. दोन्ही फिल्म मधोमध कापून चार बाजू केल्या. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं पाच पाकळ्यांचं फूल कापून तिनं त्याचं माप केलं आणि ते फिल्मवर ठेवून, खिळ्यानं कोरून, ब्लेडनं अलगद कापत ती फुलं काढत गेली. चारी बाजूंवर फुलांच्या आकाराची भोकं. भोकांमागं लाल आणि पिवळा जिलेटीनचा कागद. सांगाडा कामट्यांचा, कडेला गोळ्यांच्या पाकिटांची चंदेरी नक्षी, खाली सलाईनचे मासे लोंबत सोडलेले. आबांनी वायर जोडून दिली. तेवढं एक काम मिळालं म्हणून ते किती मन लावून करत होते! एक बल्ब लावायला त्यांनी तासभर घेतला.

वसुबारसेच्या संध्याकाळी कंदील लागला. आत बल्ब पेटला आणि आईच्या बरगड्या आमच्या ओट्यावर उमटल्या. भिंतीवर, तुळशीवर, माझ्या फ्रॉकवर. करड्या रंगाच्या वाकड्या पट्ट्या, त्यांच्या मधून लाल-पिवळी फुलं, आणि वाऱ्यानं कंदील हलला की सगळं हलायचं. गल्लीतली माणसं बघायला आली.

“बाई गं!” हिराकाकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या. “सोताचीच हाडं दारात टांगलीस?”

“टांगल्यालीच बरी,” आई म्हणाली. “आत ठिवून काय उजेड पडला?”

सगळे हसले. आबाही हसले, पण ते लगेच उठून आत गेले. कापून निघालेली फुलं आईनं फेकली नव्हतीच. बांगड्यांच्या कड्यांत एकेक फूल ओवून तिनं त्याचं तोरण केलं आणि दाराला बांधलं. काळी फुलं दाराला शोभतात का, असं कुणीतरी विचारलं. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं की नजर लागत नाही.

त्या वर्षी ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं होतं. लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण. टीव्हीवर, पेपरात त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. जुन्या एक्स-रेतून सूर्य बघता येतो असं शाळेत पोरांना कळलं होतं. आता म्हणतात, तसं बघणं डोळ्यांना चांगलं नाही. तेव्हा गावात एक्स-रे कुणाकडं आहे याचा शोध सुरू झाला आणि अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं की सुमनबाईंच्या दारात चार बाजूंनी एक्स-रे टांगलेला आहे.

सकाळी सातलाच पोरं ओट्यावर जमली. मग त्यांच्या आया, मग कारखान्यातून सुटून आलेली रात्रपाळीची माणसं. आईनं कंदील खाली काढायला लावला. चार बाजू चौघांना दिल्या असत्या तर बाकीच्यांनी काय करायचं? तिनं कात्री घेतली आणि पट्ट्या केल्या. देताना प्रत्येकाला बजावलं, “फुलाच्या भोकातनं बघू नगा रे, काळ्यातनं बघा.” सगळ्यांना पुरेल असंच करायचं हे तिच्या हाताला वळण होतं. चपाती असो नाहीतर एक्स-रे.

तिला स्वतःला मात्र कुणी बाहेर येऊ दिलं नाही. आजारी माणसानं ग्रहण बघू नये, अंगावर घेऊ नये. हिराकाकूंनी तिला आतल्या खोलीत बसवलं आणि खिडकीला घोंगडं लावलं. बाहेर ऊन मलूल, पिवळट झालं. कावळे गोंधळले. मी पट्टी डोळ्यांपुढं धरली. आईच्या दोन बरगड्यांच्या मधल्या काळोखात सूर्य कोरीएवढा उरलेला होता. मी धावत आत गेले.

“कसा दिसतोय गं?” घोंगड्याच्या अंधारातून आईनं विचारलं.

“नखासारखा. आई, तू पण बघ की.”

“तू बघितलास ना? मग झालं.”

पुष्कळ वर्षं मला त्या दिवाळीची आठवण फक्त आनंदाची म्हणून राहिली असती, जर दिवाळीनंतर आम्ही पुण्याला गेलो नसतो. बारामतीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं. गोळ्यांनी डाग हटत नाही, एकदा दाखवून घ्या म्हणाले. एसटीनं आम्ही तिघं गेलो. रस्त्यानं ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्यांतून येताना दिसत होत्या. भांडी, कोंबड्या, पोरं, सगळा संसार गाडीत. आई खिडकीतून त्यांच्याकडं बघत होती आणि मला सांगत होती की त्या बाईच्या गाडीला बांधलेलं पोतं बघ, कसलं सुरेख शिवलंय.

मोठे डॉक्टर रागीट नव्हते. रागीट असते तर बरं झालं असतं, निदान त्यांच्यावर राग धरून ठेवता आला असता. त्यांनी तिथं नवीन फिल्म काढून घेतली, उजेडाच्या पेटीवर लावली, बोट ठेवून डाग दाखवला आणि विचारलं, “आधीच्या फिल्म बघू.”

आबांनी पिशवीतून लॅमिनेशन केलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

“हा रिपोर्ट झाला. फिल्म कुठं आहेत?”

“त्यातलं समदं ह्यात लिवलंय, सायब.”

“यात नुसतं डाग आहे असं लिहिलंय. केवढा आहे ते नाही,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी आम्हाला समजेल असं नीट सांगितलं. डाग तेव्हाही एवढाच असेल तर तो जुना व्रण असू शकतो, त्याला हात लावायचं कारण नाही. पण तेव्हा लहान असेल आणि आता वाढला असेल तर वाट बघून चालणार नाही, लवकर ऑपरेशन करावं लागेल. नुसत्या आजच्या फिल्मवरून हे कळत नाही. तेव्हाची आणि आजची शेजारी शेजारी ठेवली की कळतं. “घरी असतील ना? घेऊन या.”

आबांनी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं. तो लॅमिनेशनचा कागद टेबलावर उजेडात चमकत होता.

गावी आलो त्या संध्याकाळी आबा कारखान्यात न जाता दारोदार फिरले. मीही त्यांच्याबरोबर होते. “गिराण बघायला न्हेल्याली पट्टी हाय का वो?” असं ते प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून विचारत. गल्लीतल्या कुणी आढेवेढे घेतले नाहीत. एकीनं चुलीमागच्या फटीत लावलेली पट्टी ओढून काढली. एका पोरानं आपल्या पट्टीवर खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलं होतं. एक पट्टी गोठ्याच्या खिडकीला मिळाली. काही मिळाल्याच नाहीत. पोरांनी त्या कालव्यात होडी म्हणून सोडल्या होत्या. वरच्या आळीतले एक म्हातारे काठी टेकत आमच्यामागून आले आणि त्यांनी एक अख्खी फिल्म आबांच्या हातात दिली. “ह्यो माझ्या गुडघ्याचा हाय. चांगला नवा हाय. चालतोय का बघा.”

आबांनी ती घेतली. नको म्हणायला त्यांना जमलं नाही. बाकीच्या पट्ट्यांवर ती अलगद ठेवून ते पुढच्या उंबऱ्याकडं वळले.

आईनं सुईदोरा घेतला. पट्टीला पट्टी जोडून, बरगडीला बरगडी लावून ती फिल्म शिवत गेली, वाकळ शिवतात तशी. कुठं तुकडा नव्हता तिथं जागा सोडली. दोन्ही फिल्म उभ्या राहिल्या, पण भोकांसकट. मग आबांनी तोरण सोडलं, बांगड्यांतून फुलं काढली आणि भोकांत बसवायला घेतली.

पहिलं फूल पहिल्याच भोकात चपखल बसलं. आबांचा चेहरा उजळला. मग त्यांनी तेच फूल काढून शेजारच्या भोकात ठेवून बघितलं. तिथंही चपखल बसलं. फिरवून ठेवलं, पाच पाकळ्या पाचही बाजूंनी बसल्या. उलटं ठेवलं, तरी बसलं. एका मापानं, एका हातानं कापलेली फुलं ती. कुठलंही फूल कुठंही बसत होतं. कडेची करडी रेघ जुळते का ते बघावं, तर ब्लेडनं आणि बांगडीच्या घासण्यानं कडा पांढऱ्या पडलेल्या. पंपाचा नट न बघता कुठल्या बोल्टचा ते सांगणारे आबा दिव्याखाली वाकून एकेक फूल उचलत होते, ठेवत होते, पुन्हा उचलत होते.

“आवं, किती बसवाल?” आई शेवटी म्हणाली. “जेवा आता.”

पुन्हा पुण्याला गेलो. शिवलेल्या दोन फिल्म वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, फुलं वेगळी पुडीत बांधलेली. डॉक्टरांनी ते वर्तमानपत्र उलगडलं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. पहिली शिवण त्यांनी पेटीवर लावली. भोकांतून पांढरा उजेड आला. डाग जिथं असायला हवा तिथं त्यांनी बोट ठेवलं. तिथं एक फूल होतं. दुसरी लावली. तिच्यातही त्याच जागेच्या आसपास फूल, आणि शेजारी हरवलेल्या पट्टीची रिकामी जागा. आईनं दोन्ही फिल्मवर नक्षी सारखी यावी म्हणून फुलं सारख्याच जागी काढली होती.

त्यांनी पुडी सोडली. चिमट्यानं एक फूल उचलून भोकात धरलं, मग दुसरं. तीन-चार झाल्यावर त्यांनी चिमटा खाली ठेवला.

“सगळी सारखीच कापलीत हो, ताई,” ते म्हणाले. “हात फार नेटका आहे तुमचा.”

आणि आई लाजली. मी शेजारीच बसले होते, मी बघितलं. गालावर किंचित रंग आला, तिनं पदर सारखा केला आणि खाली बघत हसली. इतक्या मोठ्या माणसानं तिच्या कामाची कधी तारीफ केली नव्हती. आबांनी मान दुसरीकडं वळवली. मला त्या डॉक्टरांचा, आबांचा, स्वतःचा, कुणाचाच राग येईना आणि रागाशिवाय त्या खोलीत बसता येईना.

“आजपासून धरू,” डॉक्टर म्हणाले. “तीन महिन्यांनी परत फिल्म काढू आणि आजच्या फिल्मशी लावून बघू. ही मात्र जपून ठेवा.”

ती नवी फिल्म आबांनी पत्र्याच्या नळकांड्यात घातली, नळकांडं ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. किल्ली त्यांच्या करगोट्याला. तीन महिने आमच्या घरात कुणी त्या ट्रंकेकडं मोकळेपणानं बघितलं नाही. उसाला तुरे आले, फड तुटले, रस्त्यावर गाड्यांमागं पोरं ऊस ओढायला पळाली. आई संक्रांतीला तिळगूळ वाटत हिंडली. महाशिवरात्रीच्या आसपास पुन्हा पुण्याला गेलो आणि डॉक्टरांनी दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या. या वेळी सांगायची गरज नव्हती. मलाही दिसत होतं.

ऑपरेशन झालं, पण उशिरा झालं असं म्हणतात तसं झालं. पुढच्या पावसाळ्यात आई गेली. जाण्याआधी महिनाभर ती अंथरुणावरून मला सलाईनच्या नळीचा पोपट शिकवत होती. मला शेवटपर्यंत चोच जमली नाही.

मग राहिला प्रश्न. त्या उन्हाळ्यातून गौरी-गणपतीपर्यंत डाग वाढत होता का? वाढत असता आणि ते दिवाळीनंतर लगेच कळलं असतं, तर तीन महिने वाचले असते. वाढत नसता, तर डॉक्टरांनी तेव्हाही थांबाच म्हटलं असतं आणि त्या कंदिलानं, त्या ग्रहणानं काहीच बिघडलं नव्हतं. उत्तर कुठंतरी त्या फुलांमध्ये होतं. लोक समजूत घालतात की विधिलिखित असतं. विधीनं लिहिलेलं असेलही, पण आईनं ते कापून त्याचं तोरण केलं होतं.

आबांनी ते तोरण पुन्हा ओवलं, पण दाराला कधी बांधलं नाही. फेकलंही नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून फडताळात ठेवलं. आम्ही दोघं त्याच घरात राहिलो, मी दहावी झाले, कॉलेजला बारामतीला येऊ लागले, लग्न झालं. त्या डब्याबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. या वेळी आबांना आणायला गेले तेव्हा त्यांनी कपड्यांच्या पिशवीच्या तळाशी तो डबा स्वतः चाचपून ठेवला.

“आई, हे काय आहे?”

मुक्तानं डबा शोधून काढला होता. सांगाड्याला हृदय हवं म्हणून ती घरभर उचकपाचक करत होती. तोरण जमिनीवर पसरलेलं. बांगड्यांचा रंग अजून तसाच. त्यातलं एक काळं फूल तिनं ओढून काढलं होतं आणि काचेसमोर धरलं होतं. “यात खरं हाड दिसतंय! हे मी माझ्या भुताला लावू?”

मी ओरडणार होते. पण बांगड्यांची किणकिण आबांच्या कानांवर गेली होती. त्यांनी हात पुढं केला. “हिकडं दे गं जरा.”

मुक्तानं फूल त्यांच्या तळहातावर ठेवलं. अंगठ्यानं त्यांनी पाकळ्यांच्या कडा चाचपल्या, एक एक करत, सगळ्या. मग फूल खिडकीच्या दिशेनं डोळ्यांपुढं धरलं. बराच वेळ धरलं. दुपारचं ऊन त्यांच्या चेहऱ्यावर होतं आणि त्यात फुलाची लहानशी सावली पडली होती.

“मला नुसता उजेड कळतोय,” ते म्हणाले. “तू बघ. डाग दिसतोय का गं त्यात?”

इतक्या वर्षांनी. जेव्हा त्यांचे डोळे होते तेव्हा त्यांनी ते कधी उजेडापुढं धरलं नव्हतं, आणि मीही नाही. मी पिठाचे हात पदराला पुसले आणि फूल घेतलं. आत बरगडीचा एक तुकडा होता. त्याच्या शेजारी काहीतरी पांढुरकं होतं. तो डाग असेल, कुणाच्या बोटाचा ठसा असेल, नाहीतर इतकी वर्षं डब्यात राहून फिल्मलाच आलेली बुरशी असेल. मला त्यातलं काही कळत नाही. मी डॉक्टर नाही. आबा माझ्याकडं तोंड करून थांबले होते, माझ्या जरा डावीकडं बघत.

“न्हाय, आबा,” मी म्हणाले. “नुसतं फूल हाय.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं. पण त्यांचा हात अजून तसाच पुढं होता.

“मग दुसरं बघ,” ते म्हणाले.

मी खाली बसले. मुक्ता डिंकाची बाटली हातात धरून आमच्याकडं बघत होती. मी बांगडीतून दुसरं फूल सोडवलं, खिडकीकडं धरलं आणि डोळे मिटले.

“हे बी फूलच हाय, आबा.”